काळी स्क्रीन की माऊसवाली? दुकानातल्या एंट्रीसाठी सॉफ्टवेअर कसं पारखावं आणि कसं बसवावं

गोव्यात, फोंड्यातल्या औषधांच्या एका घाऊक दुकानात खरेदीची बिलं चढवणाऱ्या एक ताई आहेत. एके दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं काम बघितलं आणि सॉफ्टवेअर पारखण्याची माझी रीतच बदलली. डाव्या हाताची तर्जनी कंपनीच्या बिलावर, ज्या ओळीची एंट्री चालू आहे तिच्या खाली. उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळांवर, मधलं बोट ५ वरच्या उंचवट्यावर. नजर कागदावर. समोर विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातली काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. मालाचा कोड, एंटर. बॅच, एंटर. एक्स्पायरीचे चार आकडे, नग, फ्री, दर. ओळ संपली की मान जराशी वर, रक्कम पटली की बोट खालच्या ओळीवर. बॅच नंबरात अक्षरं आली तेवढ्यापुरताच उजवा हात डावीकडे सरकायचा.

मग दुकानात नवं सॉफ्टवेअर आलं. दिसायला देखणं, रंगीत, सगळं नजरेसमोर. मालाचं नाव यादीतून माऊसने निवडायचं, एक्स्पायरीसाठी छोटं कॅलेंडर उघडायचं, ओळ संपली की 'जोडा' बटण दाबायचं. त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर. माऊस धरायचा म्हणून बिल सरकायचं, बोट उचललं जायचं आणि परत टेकेपर्यंत ओळ हरवायची. एक ओळ दोनदा चढली, एक राहूनच गेली. तीन दिवसांत दुकान जुन्या स्क्रीनवर परत आलं. ताईंना वाटत होतं की आपल्यालाच जमलं नाही. चूक त्यांची नव्हतीच, आणि हे मालकांसमोर मी स्पष्ट सांगितलं.

दोष रंगांचा किंवा चित्रांचाही नव्हता. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कामाची सगळी वाट एकट्या कीबोर्डवरून जाते, कागदाच्याच क्रमाने जाते आणि वाटेत एकही दाबलेली कळ वाया जात नाही, ते एंट्रीला चांगलं. मग ते काळ्या स्क्रीनचं असो की विंडोजचं. ही गोष्ट विकत घेण्याआधी कशी तपासायची आणि घेतल्यावर कशी जुळवायची, ते आता पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: आधी कागद बघा, मग माणूस, स्क्रीन शेवटी

एक पूर्ण दिवस एंट्री करणाऱ्याच्या शेजारी बसा. विचारू नका, फक्त बघा. वहीत तीन गोष्टी टिपा: कागदावर माहिती कोणत्या क्रमाने येते, डोळे कुठे असतात, आणि रिकामा हात काय करत असतो.

दुकानातली कामं दोन जातींची असतात. खरेदीचं बिल चढवणं, काउंटरवर बिल मारणं, पतसंस्थेत पिग्मीची वसुली भरणं ही दिवसात शेकडो वेळा तीच ती होणारी कामं. इथे हात शिकतो आणि डोकं मोकळं राहतं. दुसरी कामं महिन्यातून दोनदा येणारी: नवा ग्राहक उघडणं, कराचा दर बदलणं, मालकाला तीन महिन्यांची विक्री दाखवणं. ती करताना दर वेळी आठवावं लागतं, म्हणून सगळे पर्याय डोळ्यांसमोर मांडणारी स्क्रीनच बरी. एकाच दुकानात दोन्ही जातींची कामं असतात, त्यामुळे 'आमच्याकडे सगळं विंडोजवालं हवं' किंवा 'आम्हाला डॉसच बरं' या दोन्ही हट्टांत नुकसान आहे.

काही कामं तर उघडउघड चित्राचीच. कळंगुटच्या हॉटेलात कोणती खोली कोणत्या रात्री रिकामी आहे, हे तारखांच्या तक्त्यावर रंगीत पट्ट्यांनी जितकं झटकन कळतं तितकं अक्षरांच्या यादीत कळणार नाही. विदेशी पाहुणा आला की त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवायची असते. तिथे पासपोर्टच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात, त्या वाचणारा स्कॅनर घ्यावा. त्या ओळींत पडताळणीचे आकडे असल्यामुळे वाचण्यातली चूक तिथल्या तिथे पकडली जाते. काजूच्या हंगामात अंगणात उभं राहून पोती मोजून घेणाऱ्याला कीबोर्डच नको. त्याला हवा मोठ्या बटणांचा फोन.

दुसरी पायरी: माऊसच्या फेऱ्या मोजा

१९८० साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी संगणकावरच्या कामाचा वेळ आधीच काढण्याची एक सोपी रीत मांडली. तिच्यातले आकडे आजही दुकानदाराच्या उपयोगाचे आहेत. सरावलेल्या हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद, कीबोर्डवरून माऊसवर हात न्यायला ०.४ सेकंद, बाण हव्या त्या जागी टेकवायला १.१ सेकंद. 'आता पुढे काय' हे मनात जुळवायला १.३५ सेकंद.

आता हिशेब करा. माऊसची एक फेरी म्हणजे हात नेणं, बाण टेकवणं, क्लिक आणि हात परत आणणं: ०.४ + १.१ + ०.२ + ०.४, म्हणजे दोन सेकंदांच्या थोडं वर. बिलाच्या एका ओळीत अशा तीन फेऱ्या धरल्या तर ओळीमागे सहा सेकंद. ४० ओळींच्या बिलाला चार मिनिटं. दिवसाला अशी १५ बिलं असतील तर एक तास, आणि तो नुसता हात इकडून तिकडे नेण्यात गेलेला.

त्या १.३५ सेकंदांकडे मात्र जास्त लक्ष द्या. जुन्या स्क्रीनवर ताईंचा वेग बोटांमुळे होता असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर 'पुढे काय' हा प्रश्नच त्यांना पडत नव्हता. तीच कळ रोज तेच करते हा भरवसा होता. जी स्क्रीन मध्येच एखादी खिडकी उघडते, कधी यादी वर तर कधी खाली दाखवते, ती हा प्रश्न दर ओळीला पुन्हा उभा करते.

कळा मोजताना त्या कोणत्या क्षणी पडतात तेही बघा. अमेरिकेतल्या नायनेक्स या दूरध्वनी कंपनीने आपल्या ऑपरेटरांसाठी चिन्हांची, चित्रमय, जास्त वेगवान यंत्रं घ्यायचं ठरवलं होतं. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की जुन्या अक्षरी यंत्रांपेक्षा नव्या यंत्रांवर प्रत्येक कॉलला सुमारे ४ टक्के जास्त वेळ लागतो. कॉलच्या सुरुवातीच्या काही कळा नव्या रचनेत वाचल्या होत्या, पण त्या वेळी ग्राहक बोलतच असायचा, म्हणून वाचलेला वेळ फुकट. उलट शेवटी, ग्राहक ताटकळत असताना, काम वाढलं होतं. आपल्या काउंटरलाही हेच लागू आहे. गिऱ्हाईक खिशातून पैसे काढत असताना पडलेल्या चार कळा कुणाला जाणवत नाहीत. पैसे हातात देऊन ते बिलासाठी उभं असताना पडलेली एकच क्लिक रांग थांबवते.

तिसरी पायरी: विकत घेण्याआधी पाच परीक्षा

डेमो दाखवायला येणाऱ्याला त्याचं नमुना बिल मारू देऊ नका. तुमचं खरं, सुरकुतलेलं, ४० ओळींचं बिल द्या आणि रोज एंट्री करणाऱ्या माणसालाच खुर्चीत बसवा. मालकाने लांबून बघावं.

पहिली परीक्षा माऊस काढून टाकण्याची. वायर उपसा. बिल सुरू करण्यापासून छापण्यापर्यंत, मध्येच नवा माल उघडण्यासकट, सगळं झालं पाहिजे. हिशेबाची टॅली इथे चांगला दाखला आहे. दिसायला ती विंडोजची, पण वागणूक काळ्या स्क्रीनची. एफ८ ने विक्री, एफ९ ने खरेदी, एंटरने पुढे, दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी आखडते, खातं नसेल तर अल्ट आणि सी दाबून जागच्या जागी उघडता येतं, कंट्रोल आणि ए ने व्हाउचर मान्य. चित्रमय स्क्रीनवरही हात सुखी राहू शकतो, याचा हा रोजचा पुरावा.

दुसरी परीक्षा एंटरची. एंटर दाबल्यावर कर्सर पुढच्या चौकटीत जातो का? वेबवरच्या फॉर्ममध्ये एंटर म्हणजे सहसा 'पाठवा', आणि पुढे जायला टॅब. आता कीबोर्डकडे बघा. आकड्यांच्या कळांशेजारी मोठा एंटर आहे, टॅब मात्र पार डाव्या टोकाला. टॅब दाबायचा तर डाव्या हाताचं बोट बिलावरून उचलावं लागतं. त्या एका कळेपायी ओळ हरवते. म्हणून या परीक्षेत नापास झालेलं सॉफ्टवेअर खरेदीच्या एंट्रीसाठी मी घेऊ देत नाही. विकणाऱ्याला सांगा, एंटरने पुढे जाणं प्रोग्रॅममध्ये घालता येतं. ते अवघड नाही.

तिसरी, घाईची. स्क्रीन बदलत असताना थांबू नका, टाइप करत राहा. जुन्या पीसीत न वाचलेल्या १५ कळा साठवून ठेवायची सोय होती. स्क्रीन मागे राहिली तरी कळा रांगेत थांबायच्या, आणि जागा भरली की बीप वाजायची. बऱ्याच नव्या स्क्रीनवर यादी उघडेपर्यंत दाबलेल्या कळा गडप होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच चौकटीत पडतात. २५० लिहिलं आणि ५० उमटलं, असं एकदा जरी झालं तरी पुढचं बिल बघू नका. इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर ही परीक्षा तुमच्याच दुकानात, तुमच्याच लाइनवर, पावसाच्या दिवशी घ्या.

चौथी माऊसच्या चाकाची, आणि हिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. नगांच्या चौकटीत कर्सर असताना चाक फिरवा. काही स्क्रीनवर पान सरकण्याऐवजी चौकटीतला आकडाच एकाने वर-खाली होतो, किंवा यादीतला माल बदलतो. डिचोलीतल्या एका दुकानात साठा सतत एक-दोन नगांनी चुकत होता. नोकरांवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती. एका संध्याकाळी मी मागे उभा होतो. एंट्री करणाऱ्या मुलाने पान खाली सरकवायला चाक फिरवलं आणि १० चे ९ झालेले माझ्या डोळ्यांसमोर दिसले. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला आजही आठवतं.

पाचवी, चुकीची. मुद्दाम चूक करा: एक्स्पायरीचा महिना १३ लिहा, उलटून गेलेली तारीख लिहा. चूक झाल्यावर स्क्रीनच्या मध्यभागी 'ओके' असलेली खिडकी उघडत असेल तर ती धोक्याची, कारण वेगात असलेल्या हाताचा पुढचा एंटर ती न वाचताच बंद करतो. जुन्या स्क्रीनवर निरोप तळाच्या ओळीत यायचा, बीप व्हायची आणि कर्सर तिथेच अडून राहायचा. नव्यातही तसंच हवं. निरोप चौकटीच्या शेजारी, आवाज, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत पुढे न जाणं.

चौथी पायरी: घेतल्यानंतरची जुळवाजुळव

चौकटींचा क्रम कागदाप्रमाणे लावून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची बिलं वेगळी असतात. ज्यांच्या ओळी सर्वांत जास्त, त्यांचा क्रम धरा. क्वचित लागणाऱ्या चौकटींवरून एंटरने जाताना थांबावं लागू नये.

जे संगणकाला आपोआप कळू शकतं ते माणसाला विचारू नका. जीएसटी क्रमांकाची १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. गोव्याचा आकडा ३०, महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९. म्हणजे कोल्हापूरच्या पुरवठादाराच्या बिलाला आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीचा) आणि मडगावच्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीचा) हे पहिल्या दोन आकड्यांवरूनच ठरतं. त्यासाठी यादी उघडून निवडायला लावणं म्हणजे चुकीला आमंत्रण. शेवटचं अक्षर तपासलं जात असेल तर एखादा आकडा चुकलेला क्रमांक तिथेच अडतो.

तारखेला कॅलेंडर नको. एक्स्पायरी ०९२७ अशी सरळ चार आकड्यांत घ्यावी, चौथा आकडा पडला की कर्सर आपणच पुढे जावा. फॉक्सप्रो या डेटाबेसवर केलेल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये भरलेल्या चौकटीतून आपोआप उडी मारायची सोय होती. ती नव्यात मागून घ्या, पण ठरलेल्या लांबीच्या चौकटींपुरतीच. नगांच्या चौकटीत ती असेल तर १०० च्या पुढचा एंटर फुकट जाऊन एक चौकट सुटते.

बॅच नंबरासाठी अक्षराचा वळणदार फाँट नको. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय वेगळे दिसलेच पाहिजेत. कन्सोलास फाँटमध्ये शून्यावर तिरपी रेघ असते. एवढ्या बदलाने परत आलेल्या मालाच्या वेळची बरीच डोकेदुखी जाते, कारण बॅच जुळली नाही तर कंपनी माल परत घेताना अडते.

आता गोव्याची खास अडचण: नावं. गावं आणि आडनावं आपण रोमनमध्ये लिहितो ती पोर्तुगीज वळणाने किंवा आजच्या उच्चाराने, आणि एकाच दुकानात दोन्ही प्रकार असतात. डिचोली (Bicholim) शोधायची 'बी'खाली, फोंडा (Ponda) 'पी'खाली, केपे (Quepem) 'क्यू'खाली. कामत कुणी 'के'ने लिहितात, कुणी जुन्या कागदांवर 'सी'ने. वाळपईहून नवा आलेला मुलगा 'के' टाइप करतो, ग्राहक सापडत नाही, मग तो नवं खातं उघडतो. वर्षअखेरीला एकाच माणसाची दोन खाती आणि उधारी दोन ठिकाणी. यावर उपाय दोन. प्रत्येक ग्राहकाला तीन-चार आकड्यांचा कोड द्या. कोड टाकताच नाव आणि गाव शेजारी दिसलं पाहिजे, म्हणजे डोळा खात्री करतो. दुसरं, खात्यात 'दुसरं नाव' अशी चौकट ठेवून त्यात दुसरं स्पेलिंग आणि देवनागरी नाव भरा, आणि शोध तिन्ही ठिकाणी घ्यायला लावा. फोनच्या शेवटच्या चार आकड्यांनी शोधता आलं तर फारच उत्तम.

देवनागरीच्या बाबतीत मात्र नवी स्क्रीन निर्विवाद सरस आहे. काळ्या स्क्रीनवर साधारण ८० रकाने आणि २५ ओळी, प्रत्येक अक्षराला सारखंच घर. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या घरात नीट बसत नाहीत. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डाने डॉसवर देवनागरी आणली होती, पण त्यासाठी वेगळं कार्ड लागायचं. आज युनिकोडमुळे मंदिराच्या देणगीची पावती किंवा पतसंस्थेचं पासबुक मराठीत छापणं सोपं झालं आहे, आणि ते छापावंच. वाचणाऱ्या आजींना आपलं नाव आपल्या लिपीत दिसलं पाहिजे.

टेबलाकडेही जरा बघा. लॅपटॉपवर एंट्री करायला लावत असाल तर आकड्यांचा वेगळा यूएसबी कीपॅड घ्या. बिल स्क्रीनच्या उंचीला उभं धरणारा स्टँड ठेवा. यूपीएस लागतोच, पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही.

पाचवी पायरी: जुन्यावरून नव्यावर जाणं

जुनी काळी स्क्रीन चांगली चालत असली तरी ती किती दिवस ओढायची, याचं उत्तर आता हातात आलं आहे. डॉसचे १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या विंडोजवर डॉसचा आभास उभा करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या सोयीने प्रोग्रॅम चालू होतो खरा, पण डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी केलेला आहे. दोन-तीन संगणकांनी एकच फाइल वापरायची असेल तर त्यावर धंदा सोपवू नये.

म्हणून पहिलं काम, डेटा बाहेर काढा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. ग्राहक, माल, शिल्लक अशा तीन याद्या काढून दुहेरी नावं आधीच साफ करा. आधी प्रत घ्या आणि साफसफाई प्रतीवरच करा.

मुहूर्त नीट निवडा. चवथीच्या तोंडावर नको, हॉटेलवाल्यांनी डिसेंबरात नको, मार्चअखेरीला तर नकोच. माझा अनुभव असा की फेब्रुवारीत शिकवावं आणि १ एप्रिलपासून नव्यावर जावं, म्हणजे सुरुवातीच्या शिलका स्वच्छ मिळतात. पहिले दोन आठवडे खरेदीची एंट्री दोन्हीकडे करा आणि रोज संध्याकाळी फक्त तीन बेरजा जुळवा: बिलांची संख्या, एकूण रक्कम, एकूण कर. फरक आला तर त्याच दिवशी शोधा, उद्यावर टाकू नका.

पहिल्या आठवड्यात वेग कमी होणारच. एंट्री करणाऱ्याला हे आधीच सांगा, आणि ते मालकाने स्वतः सांगावं. कळांचा एक तक्ता मोठ्या अक्षरांत छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. दोन आठवड्यांनी विचारा: हात अजून कुठे अडतो? जे सांगितलं जाईल ते विकणाऱ्याला लेखी कळवा आणि बदल होईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवा.

फोंड्यातल्या त्या दुकानाने पुढच्या वर्षी असंच केलं. दुसरं सॉफ्टवेअर आणलं, पाचही परीक्षा ताईंनीच घेतल्या, एंटर आणि एक्स्पायरीचे चार आकडे हे दोन बदल लिहून मागितले. परवा गेलो तेव्हा स्क्रीन रंगीत होती, माऊस कीबोर्डच्या मागे सरकवून ठेवलेला होता आणि ताईंचं बोट बिलाच्या ओळीखाली होतं.